पायातले खिळे आणि पायाखालची हिरवळ

गोल्फ हा महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांचा खेळ नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनीही गोल्फचे मैदान पाहिले असेल ते बहुधा कुंपणाबाहेरून, किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. त्यामुळे गोल्फपटूंनी धातूच्या खिळ्यांचे बूट घालावेत की मऊ प्लॅस्टिकच्या खिळ्यांचे, हा वाद श्रीमंतांच्या रिकामपणातून निघालेला वाटण्याचा संभव आहे. परंतु या वादाचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यात बुटांपेक्षा मोठा प्रश्न गुंतलेला दिसतो. अनेकांनी मिळून वापरायच्या वस्तूचे प्रत्येकाकडून थोडे थोडे नुकसान होत असेल, आणि ते नुकसान करणाऱ्याला नव्हे तर त्याच्या मागून येणाऱ्याला सोसावे लागत असेल, तर ते थांबवायचे कोणी आणि कसे, हा तो प्रश्न होय. गोल्फने तो बऱ्याच अंशी सोडवला. मात्र तो सोडवायला किती काळ लागला, कशामुळे सुटला आणि त्यातून सूट कोणाला मिळाली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

गोल्फचे अठरा छिद्रांचे मैदान साधारणतः शंभर-दीडशे एकरांवर पसरलेले असते. प्रत्येक छिद्राभोवती अत्यंत गुळगुळीत राखलेला हिरवळीचा एक तुकडा असतो. त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. अशी अठरा ग्रीन एकत्र केली, तरी त्यांचे क्षेत्रफळ जेमतेम दोन-तीन एकर भरते. परंतु खेळाचा अर्धा भार या दोन-तीन एकरांवर असतो. बहात्तर फटक्यांचे मैदान म्हटले, की त्यातील छत्तीस फटके, म्हणजे प्रत्येक ग्रीनवर दोन, हे चेंडू जमिनीवरून घरंगळत नेण्याचे म्हणून धरलेले असतात. तेथील गवत सुमारे तीन मिलिमीटर इतके खुरटे कापलेले असते. थंड प्रदेशांत ते बेंट जातीचे असते. उष्ण प्रदेशांत बर्म्युडा गवताचे संकरित वाण लावतात. हे बर्म्युडा गवत म्हणजे आपल्याकडील हरळी. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. रानात कोठेही तग धरणारी ही हरळीसुद्धा तीन मिलिमीटरवर रोज कापली जाऊ लागली, की नाजूक होते. पाणी, वाळू, खत आणि माळ्यांचे पहाटेपासूनचे श्रम यांच्या बळावरच ती जगते.

खिळे आले कोठून?

अशा हिरवळीवर खिळ्यांचे बूट घालून चालण्याची रीत मुळात पडली, ती काही उद्दामपणातून नव्हे. गोल्फचा जोराचा फटका मारताना खेळाडूचे सारे शरीर पायांच्या आधाराने वळते. एक पाय सरकला तर फटका वाया जातो, आणि कधी कधी खेळाडूच पडतो. हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या उंचसखल, दमट, गवताळ जमिनीवर वाढला. तेथे साध्या तळव्याचा बूट टिकाव धरणे अवघडच होते. १८५७ साली स्कॉटलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गोल्फ-मार्गदर्शिकेत नवशिक्यांना बारीक खिळे ठोकलेले मजबूत बूट घालण्याचा सल्ला दिलेला आढळतो. पुढे त्या शतकाच्या अखेरीस तळव्यात फिरवून बसवता येतील असे पेचाचे खिळे निघाले. झिजले की काढावेत आणि नवे बसवावेत, अशी ती सोय होती. विसाव्या शतकात सहा ते आठ मिलिमीटर लांबीचे हे पोलादी खिळे गोल्फपटूच्या वेषाचा अविभाज्य भाग बनले. क्लबच्या फरसबंदीवर उमटणारा त्यांचा खडखडाट हीसुद्धा काहींना प्रतिष्ठेची खूण वाटू लागली.

या खिळ्यांनी हिरवळीचे काय होते, हे साध्या हिशेबाने समजू शकते. एका बुटाला अकरा खिळे आहेत आणि खेळाडू प्रत्येक ग्रीनवर पंचवीस पावले टाकतो, असे धरू. अठरा ग्रीनवर मिळून साडेचारशे पावले आणि सुमारे पाच हजार टोचे होतात. दिवसाला दीडशे खेळाडू येत असतील, तर त्या दोन-तीन एकरांत रोज सात लाखांहून अधिक टोचे पडतील. प्रत्येक खिळा पुरता रुतत नाही हे खरे; परंतु निम्मे टोचे वगळले तरी उरलेला आकडा लहान नव्हे.

खरा उपद्रव मात्र टोच्यापेक्षा ओरखड्याचा आहे. सरळ रुतून सरळ निघालेल्या खिळ्याचे छिद्र लवकर बुजते. पाय घासत चालले, जागच्या जागी वळले किंवा वाकून चेंडू उचलताना टाच फिरवली, की खिळा गवताचा झुपका मुळासकट वर उचलतो. हा उंचवटा दिसायला क्षुल्लक असतो. पण चेंडू छिद्राजवळ येतो तेव्हा त्याची गती मंदावलेली असते, आणि मंद चेंडूला वाट चुकवायला एवढा अडथळा पुरतो. शिवाय प्रत्येक खेळाडूला चेंडू काढण्यासाठी छिद्रापाशी यावेच लागते. म्हणजे जेथे पृष्ठभाग सर्वांत नितळ हवा, तेथेच पायांची वर्दळ सर्वांत अधिक होते. वर्दळीच्या मैदानांवर छिद्राची जागा वारंवार बदलतात, त्यामागे हेही एक कारण आहे. ओल्या जमिनीत वा कडक थंडीत, गवताची वाढ थांबलेली असताना, हे घाव भरून यायला फार वेळ लागतो.

ज्ञान होते, उपाय नव्हता

हे सारे कोणालाच ठाऊक नव्हते, असे नाही. अमेरिकेतील गोल्फ संघटनेच्या हरित विभागाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस बुटांच्या तळव्यांचा गवतावर होणारा परिणाम प्रयोगांनी तपासला होता. १९८३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांचा त्याच विषयावरील दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. खिळ्यांच्या पारंपरिक बुटांनी हिरवळ झिजते, ही गोष्ट म्हणजे तज्ज्ञांच्या दप्तरी तेव्हाच नोंदली गेली होती. माळ्यांना तर ती कोणत्याही प्रयोगाशिवाय रोज सकाळी दिसत होती. तरीही पहिल्या प्रयोगांनंतर सुमारे पस्तीस वर्षे खिळे जेथल्या तेथे राहिले. केवळ माहिती हाती आली म्हणून माणसे आपली सवय सोडत नाहीत, याचे हे एक बोलके उदाहरण म्हणता येईल.

सवय न सुटण्याची कारणे उघड होती. एका माणसाच्या पावलांनी झालेले नुकसान इतके थोडे असते, की ते त्याला स्वतःला दिसतच नाही. जे दिसते ते दीडशे जणांचे मिळून झालेले असते, आणि त्यातील आपला वाटा कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. खिळ्यांचा लाभ मात्र ज्याच्या त्याच्या पदरात तत्काळ पडतो. पाय घट्ट रोवला जातो, फटका जोरकस बसतो. मग एकट्याने साधे बूट घालून स्वतःचा तोटा का करून घ्यावा? आपण खिळे सोडले तरी उरलेले एकशे एकोणपन्नास जण हिरवळ टोचणारच आहेत. असा विचार करणारा प्रत्येक जण आपल्यापुरता तर्कशुद्ध होता, आणि सर्वांचा मिळून परिणाम सर्वांनाच त्रासदायक होत होता. दुरुस्तीचा खर्च क्लबच्या सामायिक हिशेबात पडत होता, आणि श्रम माळ्यांच्या वाट्याला येत होते. ते कोणा एका खेळाडूच्या बिलात दिसत नव्हते.

त्यात नियमांची भर पडली होती. २०१८ च्या अखेरपर्यंत लागू असलेल्या नियमांनुसार चेंडू उंचावरून पडून ग्रीनवर झालेला खळगा दुरुस्त करता येई. जुन्या छिद्राची बुजवणीही नीट करता येई. बुटांच्या खिळ्यांनी उचललेले गवत मात्र स्वतःच्या फटक्याच्या मार्गात असेल तर दाबता येत नसे. जसे मैदान मिळेल तसे खेळावे, हे गोल्फचे जुने तत्त्व त्यामागे होते. शिवाय प्रत्येकाला आपला मार्ग सपाट करण्याची मुभा दिली तर खेळ रेंगाळेल, ही भीतीही होती. दोन्ही कारणे विचारात घेण्याजोगी होती. परंतु त्यांतून निष्पन्न झालेली परिस्थिती विलक्षण होती. गवत उचकटणाऱ्याला कोणतीही शिक्षा नव्हती. ते दाबून सारखे करणाऱ्याला होती.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१३ साली शांघाय येथील एका मोठ्या स्पर्धेत इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फपटू सायमन डायसन याने चेंडू उचलताना आपल्या मार्गातील खिळ्याची खूण चेंडूने दाबल्याचे दूरचित्रवाणीच्या चित्रणात दिसले. त्याबद्दलचे दंडाचे फटके धावपत्रकात न धरता त्याने पत्रकावर सही केलेली असल्याने तो स्पर्धेतून बाद ठरला. पुढे त्याला आर्थिक दंड आणि दोन महिन्यांची स्थगित बंदीही झाली. त्याने नियम मोडला होता आणि नियमानुसारच त्याला शासन झाले, याविषयी वाद नाही. पण ती खूण ज्याच्या बुटाने केली होती तो कोण, हा प्रश्न विचारण्याचे कोणाला कारणच नव्हते. नियमपुस्तिकेच्या दृष्टीने त्या माणसाने काहीही केलेले नव्हते.

मऊ खिळ्यांचे आगमन

हा गुंता सुटू लागला तो १९९० च्या दशकाच्या आरंभी, आणि तोही एखाद्या मोठ्या संस्थेच्या ठरावामुळे नव्हे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील बॉइझी या गावात हिवाळा कडक असतो. थंडीच्या दिवसांत धातूच्या खिळ्यांनी ग्रीनची अधिकच हानी होते. ती न करता हिवाळ्यातही खेळता यावे, या गरजेतून तेथे प्लॅस्टिकच्या मऊ खिळ्याची कल्पना पुढे आली. हा खिळा खरे म्हणजे खिळाच नव्हे. ती एक लहानशी चकती असते, आणि तिला खालच्या बाजूने आडवे दाते असतात. हे दाते जमिनीत शिरत नाहीत. ते गवताच्या पात्यांना धरून राहतात आणि शरीराचा भार एका टोकावर न पडता पसरतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही चकती जुन्या बुटांतील पेचाच्या जागीच बसवता येत होती. नवे बूट घेण्याची गरज नव्हती. जुने खिळे काढायचे आणि नवे फिरवून बसवायचे, एवढ्यावर काम भागत होते.

आता क्लबांच्या हाती एक साधन आले. खेळाडूंना खिळे सोडा असे सांगणे आणि ‘हे खिळे काढा, त्यांच्या जागी हे बसवा’ असे सांगणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्या आदेशात त्याग आहे. दुसऱ्यात केवळ बदल आहे. काही क्लबांनी धैर्य करून आपल्या प्रवेशद्वारावर धातूच्या खिळ्यांना मनाई केली. शेजारच्या क्लबांनी त्यांच्या ग्रीनची सुधारलेली अवस्था पाहिली आणि अनुकरण केले. १९९० चे दशक संपेपर्यंत अमेरिकेतील बहुतेक मैदानांवर धातूचे खिळे निषिद्ध झाले होते. ग्रीनबरोबर क्लबांचे गालिचे, लाकडी जमिनी, पायऱ्या आणि मैदानातील लहान पूल यांचीही झीज थांबली. तीन-साडेतीन दशके उपदेश आणि प्रयोग यांनी जे साधले नाही, ते सात-आठ वर्षांत साधले.

हे साधले त्याची तीन कारणे सांगता येतील. एक म्हणजे कामचलाऊ नव्हे तर बऱ्यापैकी चांगला पर्याय उपलब्ध झाला. दुसरे, तो स्वस्त होता आणि जुन्याच बुटांत बसत होता. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. नियम सर्वांना एकाच दिवशी लागू झाला. आपण एकट्यानेच का सोसावे, ही प्रत्येकाची तक्रार त्यामुळे निराधार ठरली. मऊ खिळ्यांनी पकड किंचित कमी होत असेल तर ती सर्वांचीच कमी होणार होती, आणि चांगली हिरवळ सर्वांनाच मिळणार होती. सद्भावनेचे आवाहन आणि समान नियम यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. आवाहनात समंजस माणसाचा तोटा होतो आणि बेपर्वा माणसाचा लाभ. समान नियमात दोघेही एकाच पातळीवर येतात.

विरोध आणि सवलत

विरोध झाला नाही असे नव्हे, आणि तो सर्वस्वी पोकळही नव्हता. ओल्या उतारावर आरंभीच्या प्लॅस्टिकच्या खिळ्यांचा पाय घसरे, अशी तक्रार होती. वयस्क खेळाडूंच्या बाबतीत ही केवळ गैरसोय नव्हती. हाडे मोडण्याचा धोका होता. दात्यांत गवत आणि माती अडकून ते गुळगुळीत होत आणि लवकर झिजत. पुढे चकत्यांच्या रचनेत सुधारणा होत गेल्या, आणि या आक्षेपांची धार बोथट झाली. दगडी फरशीवर आणि सिमेंटच्या वाटांवर तर उलट धातूचे खिळेच घसरत. तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा एकाच बाजूचा नव्हता.

परंतु एका वर्गाला या बदलातून दीर्घकाळ सूट मिळाली. तो वर्ग म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंचा. ज्या मैदानावर सामान्य सभासदाला धातूचे खिळे घालून पाऊल ठेवता येत नसे, तेथेच मोठी स्पर्धा भरली की नामवंत खेळाडू पोलादी खिळ्यांनी खुशाल वावरत. त्यांचे म्हणणे असे, की आपली उपजीविका एकेका फटक्यावर अवलंबून आहे आणि आपल्या फटक्याचा जोर हौशी खेळाडूच्या अनेक पट असतो. त्यामुळे पायांची पकडही पक्की हवी. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मात्र त्यातून एक विपरीत गोष्ट घडली. सर्वोत्तम हिरवळीची सर्वाधिक गरज ज्यांना होती, त्यांनाच ती टोचण्याची मुभा राहिली. दिवसाच्या शेवटी खेळायला उतरणाऱ्या जोडीला सकाळपासूनच्या साऱ्या खुणांतून चेंडू न्यावा लागे. स्पर्धेत आघाडीवर असणारे खेळाडू शेवटच्या दोन दिवसांत सर्वांत उशिरा खेळायला उतरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीची किंमत सवलत घेणाऱ्यांनाच कशी मोजावी लागत होती, ते समजते. तरीही ती सोडायला ते तयार नव्हते. २०१० साली अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत फ्रेड कपल्स हा पन्नाशीचा नामवंत खेळाडू खिळेच नसलेले बूट घालून उतरला, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. खिळ्यांवाचूनही वरच्या दर्जाचा खेळ होऊ शकतो, हे त्यामुळे निदान सर्वांच्या नजरेस आले. तरी धातूचे खिळे वापरणारे व्यावसायिक अद्याप पूर्णपणे दिसेनासे झालेले नाहीत.

१ जानेवारी २०१९ रोजी अमलात आलेल्या नव्या नियमांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. ग्रीनवर बुटांनी झालेली जवळजवळ कोणतीही खूण आता खेळाडूला फटक्यापूर्वी दुरुस्त करता येते. जुन्या नियमातील अन्याय त्यामुळे दूर झाला, हे निःसंशय. परंतु दुरुस्तीची मुभा म्हणजे हानीचा प्रतिबंध नव्हे. मागून येणारा आपला मार्ग सारखा करून घेऊ शकतो, हे एकदा ठरले, की पुढे गेलेल्याच्या मनावरचे दडपण थोडे सैल होण्याचा धोका असतो. ‘दुरुस्त करता येते ना, मग बिघडले काय?’ हा युक्तिवाद कानाला गोड लागतो. त्यात दुरुस्तीचे श्रम आणि वेळ कोणाचा, एवढेच विसरले जाते.

नियमकर्त्यांनी एक गोष्ट मात्र दूरदृष्टीने केली आहे. जागतिक नियमपुस्तिका धातूच्या खिळ्यांना स्वतः बंदी करत नाही. तो निर्णय ती स्थानिक समितीवर सोपवते. मात्र त्यासाठी तिने जो नमुना-नियम दिला आहे, त्याचा रोख धातूवर नाही. जमिनीत खोल शिरावेत अशा रीतीने बनवलेले पारंपरिक खिळे, मग ते धातूचे असोत, चिनी मातीसारख्या पदार्थाचे असोत की प्लॅस्टिकचे, समितीला निषिद्ध ठरवता येतात. म्हणजे बंदी पदार्थावर नसून परिणामावर आहे. कायदे करणाऱ्या कोणालाही यातून शिकता येईल. एखाद्या वस्तूच्या नावावर बंदी घातली, की नाव बदलून तीच वस्तू परत येते. कृत्याच्या परिणामावर बोट ठेवले, तर ही पळवाट बंद होते.

असे बोट ठेवणे आवश्यक आहे, कारण मऊ खिळाही सर्वस्वी निरपराध नाही. पाय घासत चालणाऱ्याच्या प्लॅस्टिकच्या दात्यांनीही गवताची पाती चुरगळतात आणि ग्रीनवर खुणा उमटतात. पकड वाढवण्याच्या चढाओढीत उत्पादकांनी काही तळवे इतके दातेरी केले, की मैदानांची निगा राखणाऱ्यांनी त्यांविषयीही नाराजी व्यक्त केली. झिजलेल्या चकत्या अखेर कचऱ्यात जातात, हेही विसरून चालणार नाही. मऊ म्हणजे निर्दोष, अशी समजूत करून घेतली, तर पोलादाची जागा प्लॅस्टिक घेईल आणि बेफिकिरी तशीच राहील. चालताना पाय उचलून टाकणे, छिद्रापाशी जागच्या जागी टाच न फिरवणे आणि आपली खूण आपण दाबून पुढे जाणे, या शिस्तीला कोणताही खिळा पर्याय होऊ शकत नाही.

सर्वांची जमीन

गोल्फच्या जन्मभूमीकडे पाहिले, तर हिरवळ ही सर्वांची ठेव आहे, ही कल्पना या खेळाला परकी नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील प्रसिद्ध मैदान कोणा क्लबच्या खाजगी मालकीचे नाही. १५५२ साली तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत त्या किनारी जमिनीवर गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य केलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात बुडाली आणि ती जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी बिळे खणून हिरवळीची चाळण केली. ससे आधी की खेळ आधी, यावरून नगरात वर्षानुवर्षे भांडणे आणि कोर्टकज्जे चालले. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा ती खेळासाठी वाचली. आज १९७४ च्या कायद्यानुसार एक न्यास तिची व्यवस्था पाहतो. तेथील सर्वांत जुने मैदान सर्वसाधारणपणे रविवारी खेळासाठी बंद असते, आणि त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह त्यावर फिरायला येतात. जगातील मोठमोठे खेळाडू जेथे जिंकण्याची स्वप्ने पाहतात, त्या हिरवळीवर हक्क अखेर गावाचा आहे, याची ही आठवड्याची आठवणच म्हटली पाहिजे.

आपल्याकडील वाचकाला क्रिकेटचा दाखला अधिक जवळचा वाटेल. चेंडू टाकल्यानंतर गोलंदाज खेळपट्टीच्या मधल्या संरक्षित भागावर धावू लागला, तर पंच त्याला ताकीद देतात. तरीही त्याने ऐकले नाही, तर त्या डावात त्याची गोलंदाजी बंद होते. गोलंदाजांच्या पायांनी टोकाला पडलेल्या खड्ड्यांचा फायदा फिरकी गोलंदाज घेतो आणि प्रेक्षकही त्यात रस घेतात. म्हणजे क्रिकेटने झीज हा खेळाचा एक भाग मानला. पण कोठली झीज चालेल आणि कोठली चालणार नाही, याची रेषा आखली, आणि ती ओलांडणाऱ्याला जबाबदार धरले. नामवंत गोलंदाजालाही त्यातून सूट नाही. गोल्फच्या जुन्या नियमांत नेमकी हीच रेषा नव्हती. तेथे झीज करणारा अदृश्य होता आणि सोसणारा तेवढा दिसत होता.

भारतात गोल्फ काही काल-परवा आलेला नाही. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्यात १८२९ साली स्थापन झाला; मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला. साहेबाबरोबर खेळ आला, बूट आले आणि खिळेही आले. त्यांची खूण ज्यांनी वर्षानुवर्षे हातांनी बुजवली ते माळी आणि झोळी वाहणारे कॅडी मात्र येथील साध्या घरांतले होते. खेळाच्या इतिहासात विजेत्यांची नावे नोंदली जातात. पहाटे दवात गुडघे टेकून गवताचा झुपका जागेवर बसवणाऱ्याचे नाव कोणी नोंदत नाही. मऊ खिळ्यांनी ज्यांचे श्रम वाचवले, त्यांत हा माणूस पहिला आहे. बदलाचा हिशेब मांडताना खेळाडूंच्या सोयीगैरसोयीचीच चर्चा होते. त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

तेव्हा पुढे काय व्हावे, हे फारसे अवघड नाही. सामान्य सभासदाला जो नियम लागू आहे, तोच व्यावसायिक स्पर्धांतही लागू व्हायला हवा. त्यासाठी जागतिक नियमपुस्तिकेत बदल करावा लागेल असेही नाही. नमुना-नियम तयार आहे. तो स्वीकारण्याचे धैर्य स्पर्धा भरवणाऱ्या समित्यांनी दाखवायचे आहे. पर्याय नव्हता तोवर ‘नाइलाज’ हे उत्तर देता येत होते. तो हाती येऊन तीस वर्षे उलटली आहेत, आणि त्याने उच्च दर्जाचा खेळ खेळता येतो हे अनेक व्यावसायिकांनीच दाखवून दिले आहे. आता सवलतीचे समर्थन गरजेच्या आधारे करता येणार नाही. ते केवळ प्रतिष्ठेच्या आधारे होईल. आणि जो नियम प्रतिष्ठितांपाशी येऊन थांबतो, त्याविषयी इतरांच्या मनात आदर फार काळ टिकत नाही.

बुटाच्या तळव्यातील चकती ही क्षुद्र वस्तू आहे. तिने जग बदलले नाही. दोन-तीन एकरांची हिरवळ तेवढी वाचवली. परंतु ती ज्या रीतीने वाचली, ती रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी नुकसान मोजले गेले, मग चांगला पर्याय शोधला गेला, आणि त्यानंतर तो सर्वांना एकदम लागू करण्यात आला. जेथे ही तिसरी पायरी अर्धवट राहिली, तेथे प्रश्नही अर्धवटच राहिला. आपल्या मागून त्याच वाटेने दुसरा कोणी येणार आहे, याचे भान प्रत्येकाला आपोआप राहतेच असे नाही. म्हणूनच ते नियमात लिहावे लागते, आणि तो नियम सर्वांत पुढे चालणाऱ्यांनाही लागू करावा लागतो.